हप्ते न फिटलेला फोन : मालविक्री कायद्याच्या कलम २७ वर ओळवार भाष्य

उपोद्घात

जुना फोन घेताना काच बघ, बॅटरी बघ, कॅमेरा बघ, असे घरातले मोठे सांगतात. या तिन्ही गोष्टी बिघडल्या तरी दुरुस्त होतात. त्या फोनवर दुसऱ्या कोणाचा हक्क उरला असेल, तर तो मात्र कुठल्याच कारागिराला काढता येत नाही. आज दुकानात हजार-दोन हजार भरून बाकीची रक्कम हप्त्यांवर ठेवायची आणि फोन घरी न्यायचा, ही सर्रास रीत आहे. हप्ते संपायच्या आत तोच फोन तिसऱ्याच्या हातात जातो. देणाऱ्याला रोकड हवी असते आणि घेणाऱ्याला स्वस्त फोन. घेणारा बहुधा कॉलेजात जाणारी मुलगी, डिलिव्हरीचे काम करणारा तरुण किंवा पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणारी घरकामाची बाई असते. नवा फोन परवडत नाही म्हणूनच ती जुन्या फोनाकडे वळलेली असतात, आणि या सौद्यातला धोकाही त्यांच्याच पदरात पडतो.

या धोक्याचे मूळ मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २७ मध्ये आहे. फोनच काय, घरोघरी रेडिओसुद्धा नव्हते तेव्हाचा हा कायदा. तरी फोनच्या प्रत्येक सौद्याला तो आजही लागू आहे. पुढे या कलमाची ओळ न् ओळ घेतली आहे. त्याला जोडून वाचावी लागणारी कलम ३० आणि कलम १४ यांची वाक्येही घेतली आहेत. मूळ इंग्रजी पाठाचा मराठी आशय प्रस्तुत लेखकाचा आहे.

या भाष्याचे प्रतिपादन थोडक्यात असे. फोन विकत घेताना तीन गोष्टी हातात याव्या लागतात : ताबा, मालकी आणि दूरवरून तो बंद करण्याच्या अधिकारापासून सुटका. १९३० चा कायदा पहिल्या दोहोंविषयी बोलतो. हप्ते चालू असलेल्या फोनात घेणाऱ्याला खात्रीने मिळतो तो फक्त ताबा.

ओळ १ : “या कायद्याच्या आणि त्या वेळी अमलात असलेल्या अन्य कायद्यांच्या तरतुदींना अधीन राहून…”

ही ओळ वाचक घाईने ओलांडतो. वास्तविक फोनच्या बाबतीत सगळ्यात कडक कायदे इथूनच आत येतात. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ चोरीच्या मालाविषयी आहे, आणि त्यातील ‘चोरीचा माल’ केवळ खिसा कापून नेलेल्या वस्तूपुरता मर्यादित नाही. फसवणूक करून किंवा विश्वासघात करून हस्तांतरित झालेली मालमत्ताही त्यात मोडते. खोट्या कागदपत्रांवर कर्ज काढून मिळवलेला फोन या व्याख्येत सहज बसू शकतो. तसा माल जाणूनबुजून, किंवा तसे मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणारा गुन्हेगार ठरतो.

दुसरा कायदा म्हणजे दूरसंचार अधिनियम, २०२३. प्रत्येक फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. “लॉक काढून देतो, नंबर बदलून देतो” असे सांगणारे लोक बाजारात भेटतात. या क्रमांकाशी छेडछाड करणे, किंवा छेडछाड झाल्याचे माहीत असताना तो फोन बाळगणे, यासाठी कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हप्त्यांपायी दूरवरून लॉक केलेल्या फोनवर हा उपाय करणारा माणूस पैशाच्या वादातून उठून थेट फौजदारी गुन्ह्यात जाऊन पडतो.

ओळ २ : “…जो मालाचा मालक नाही अशा व्यक्तीने माल विकला असता…”

इथे पहिला प्रश्न : हप्ते चालू असताना फोनचा मालक कोण? ‘ईएमआयवर घेतलाय’ एवढ्या सांगण्यातून याचे उत्तर मिळत नाही, कारण त्या एका नावाखाली वेगवेगळे करार वावरतात.

पहिला प्रकार भाडे-खरेदीचा. यात वस्तू वित्तकंपनीच्या मालकीची राहते आणि ग्राहक ती वापरण्याचे भाडे भरतो. शेवटचा हप्ता भरून त्याने खरेदीचा पर्याय वापरला की मालकी त्याच्याकडे येते. सर्वोच्च न्यायालयाने के. एल. जोहर आणि कंपनीच्या १९६५ च्या निवाड्यात हेच स्पष्ट केले : अशा करारात आधी निक्षेप, म्हणजे मालकी न देता दिलेला ताबा, असतो आणि अटी पुऱ्या झाल्यावर विक्री होते. मधल्या काळात ग्राहकाने फोन विकला, तर तो मालक नसलेल्याने केलेला सौदा. कलम २७ ची ही ओळ त्याला थेट लागते.

दुसरा प्रकार कर्जाचा. दुकानाचे बिल ग्राहकाच्या नावाने होते, दुकानदाराचे पैसे वित्तकंपनी भरते आणि ग्राहक कंपनीचे कर्ज फेडतो. इथे ग्राहक पहिल्या दिवसापासून मालक असतो. मात्र करारात फोन नजरगहाण, म्हणजे ताबा न सोडता तारण, ठेवलेला असेल, तर त्यावर बोजा असतो. म्हणजे विकणारा मालक आहे, पण मोकळा नाही. याचा विचार ओळ १० मध्ये येईल.

तिसरा प्रकार क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांचा. ते देणे बहुधा कार्डधारकाच्या डोक्यावर असते आणि बँकेचा फोनवर हक्क नसतो. या तिन्हींत हा सर्वांत कमी धोक्याचा.

चौथा प्रकार सेवाकंपनीशी बांधलेल्या फोनचा. भारतात तो तुरळकच दिसला. २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने ‘मॉन्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये सुरुवातीला घेऊन फोन दिले. ते सीडीएमए तंत्राचे असल्यामुळे फोन आणि जोडणी एकमेकांना बांधलेली होती. २०१७ मध्ये जिओफोन १५०० रुपयांच्या अनामतीवर आला. तीन वर्षांनी अनामत परत मिळणे कंपनीच्या अटींवर अवलंबून होते, आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नव्हते. असा फोन दुसऱ्याकडून घेणाऱ्याने यंत्राबरोबर पहिल्या ग्राहकाची बंधनेही घरी आणली.

परदेशात काही ठिकाणी हा प्रकार रुळलेला आहे, आणि तो आपल्या घरांपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतला भाचा येताना जुना आयफोन घेऊन येतो आणि इथले सिम घातल्यावर तो चालत नाही. तिकडच्या कंपन्या हप्ते पूर्ण फिटल्याशिवाय सहसा नेटवर्कचे कुलूप काढत नाहीत. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायलाच बंदी घातली. तरीही हप्त्यांचा करार वेगळा आणि नेटवर्कचे कुलूप वेगळे. कुलूप नाही याचा अर्थ देणे फिटले असा होत नाही.

ओळ ३ : “…आणि तो मालकाच्या अधिकाराने किंवा संमतीने विकत नसता…”

संमती म्हणजे वित्तकंपनीची लेखी संमती. व्यवहारात तिचे रूप दोन कागदांचे : कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला आणि एनओसी. विकणाऱ्याचे “कंपनीला सांगितलंय मी” हे वाक्य या ओळीला पुरे पडत नाही.

शंका अशी : “उरलेले हप्ते तुम्ही भरा, फोन तुमचा” अशा सौद्यात कंपनीचे काय बिघडते? तिला तर पैसे मिळतच राहतात.

उत्तर : कर्ज फोनबरोबर हिंडत नाही. ते मूळ कर्जदाराच्या नावावरच राहते. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार आणायला सर्व पक्षांची संमती लागते, आणि धनको त्यातला मुख्य पक्ष असतो. म्हणून घेणाऱ्याने भरलेला प्रत्येक हप्ता दुसऱ्याच्या खात्यात, दुसऱ्याच्या नावाच्या पावतीवर जमा होतो. शेवटी एनओसी निघते तीही त्याच्याच नावाने. मध्येच त्याने तिसऱ्याशी सौदा केला किंवा त्याच्या दुसऱ्या कर्जाचे हप्ते थकले, तर घेणाऱ्याच्या हाती दाखवायला एकही कागद नसतो.

यातून सुरक्षित मार्गही दिसतो. उरलेली रक्कम विकणाऱ्याच्या समोर थेट वित्तकंपनीला भरावी, कर्जखाते बंद करून घ्यावे, दाखला हातात घ्यावा, फोनमधली कंपनीची पकड निघाल्याची खात्री करावी आणि उरलेले पैसे नंतरच विकणाऱ्याला द्यावेत. हा क्रम उलटला की सगळा भार विश्वासावर जातो.

ओळ ४ : “…विकणाऱ्याला होता त्याहून सरस हक्क घेणाऱ्याला प्राप्त होत नाही…”

कलमाचा कणा हाच. ज्याच्याकडे जे नाही ते तो देऊ शकत नाही, हे तत्त्व रोमन कायद्यापासून चालत आले आहे. या ओळीत घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा, त्याने मोजलेल्या किमतीचा किंवा फोन किती हातांतून गेला याचा उल्लेख नाही. चार हात बदलले तरी हक्कातला दोष धुऊन निघत नाही.

इंग्लंडमध्ये याला एक जुना अपवाद होता. भर बाजारात, दिवसाढवळ्या, रिवाजाप्रमाणे घेतलेल्या मालावर प्रामाणिक गिऱ्हाइकाला चांगला हक्क मिळे. तो अपवाद तिथे १९९५ पासून गेला. आपल्या १९३० च्या कायद्याने तर तो घेतलाच नव्हता. म्हणून मुंबईच्या चोरबाजारात शंभर लोकांदेखत घेतलेला फोन आणि अंधाऱ्या बोळात घेतलेला फोन या ओळीपुढे सारखेच.

ही ओळ किती कठोर आहे ते शोगन फायनान्सच्या खटल्यात दिसले. एका ठकाने दुसऱ्याचा वाहनपरवाना दाखवून भाडे-खरेदीवर गाडी उचलली आणि लगेच एका सामान्य माणसाला विकली. घेणारा निर्दोष होता. तरी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. ज्याच्या नावाने करार लिहिला होता त्याने तो केलाच नव्हता आणि ठक करारात पक्षच नव्हता, म्हणून त्याच्याकडून कोणाकडेच काही गेले नाही. दुसऱ्याच्या आधार-पॅनवर काढलेल्या कर्जाचा फोन घेणाऱ्याने हा निवाडा जरूर लक्षात ठेवावा. तिथे वस्तू गाडी होती म्हणून वाद वरच्या न्यायालयापर्यंत गेला. दहा हजारांच्या फोनसाठी कोण तिथवर जाणार?

ओळ ५ : “…मात्र मालकाच्या वागणुकीमुळेच विकणाऱ्याचा अधिकार नाकारण्याची वाट त्याला बंद झाली असेल, तर वेगळे…”

शंका : कंपनीने स्वतः त्याच्या हाती फोन दिला, बॉक्स दिला, बिल दिले. मग त्याला विकण्याचा अधिकार आहे असे जगाला कंपनीनेच भासवले, असे का म्हणू नये?

उत्तर : नुसता ताबा देणे म्हणजे विकण्याचा अधिकार दाखवणे नव्हे, ही न्यायालयांची पक्की भूमिका आहे. नाहीतर घड्याळ दुरुस्तीला देणाऱ्याचाही हक्क गेला असता. बिलावर विकणाऱ्याचे नाव असेल तर युक्तिवादाला थोडे बळ येते. पण कर्जाचा करार निराळ्या कागदावर असतो आणि बिल त्याविषयी मूक असू शकते.

या ओळीवरचा सगळ्यात बोधक निवाडा मूरगेट मर्कंटाइल कंपनीचा, १९७६ चा. ब्रिटनमध्ये भाडे-खरेदीवरच्या गाड्यांची नोंद ठेवणारी एक खासगी संस्था होती. गाडी घेणाऱ्याने तिथे चौकशी केली आणि नोंद नाही असे उत्तर मिळाले. वित्तकंपनी ती नोंद करायला विसरली होती. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने वित्तकंपनीच्या बाजूने कौल दिला, कारण नोंद करण्याचे कायदेशीर कर्तव्य तिच्यावर नव्हते.

आपल्याकडच्या तपासणीला हा धडा तंतोतंत लागतो. चोरीच्या फोनांची मध्यवर्ती नोंद ठेवणारी सीईआयआर व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत, महाराष्ट्रासाठी प्रायोगिक म्हणून सुरू झाली. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलसह ती देशभर आली. फोनवर *#०६# दाबून आयएमईआय काढायचा, मग केवायएम ही इंग्रजी अक्षरे आणि तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवायचा. उत्तरात काळी यादी, दुबार क्रमांक किंवा आधीच वापरात असल्याचा शेरा आला, तर तो फोन घेऊ नये, असे दूरसंचार विभागच सांगतो. ही तपासणी प्रत्येकाने करावीच. तिची मर्यादाही तितकीच पक्की ध्यानात असावी. ती चोरी आणि बनावटीविषयी सांगते. हप्ते थकल्याचे ती सांगत नाही. आयएमईआय साफ निघाला म्हणून कर्ज साफ झाले असे समजणारा माणूस मूरगेटच्या गिऱ्हाइकाच्या जागी उभा असतो.

ओळ ६ : परंतुक — “मालकाच्या संमतीने माल ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यापारी प्रतिनिधीने धंद्याच्या नेहमीच्या ओघात केलेली विक्री वैध…”

या अपवादाचा आधार घ्यायला विकणारा मालकाच्या वतीने माल विकण्याचा धंदा करणारा असला पाहिजे. ऑफिसातला सहकारी, वसतिगृहातला मित्र किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर जाहिरात टाकणारा शेजारी तसा नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन येतो तो दुरुस्तीसाठी. त्या ताब्याला विक्रीची संमती चिकटलेली नसते. जुने फोन स्वतः विकत घेऊन पुन्हा विकणारा दुकानदारही प्रतिनिधी नसतो. तो साखळीतला आणखी एक खरेदीदार असतो, आणि त्याच्या हक्काला ओळ ४ तशीच लागते.

दुकानातून घेण्याचा खरा फायदा वेगळा आहे. पाटी असलेला, जीएसटीची पावती देणारा विक्रेता उद्या सापडतो. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली त्याच्याविरुद्ध दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येते. आयुष्यात एकदाच फोन विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध तो रस्ता सहसा उघडत नाही. तिथे दिवाणी दावाच उरतो, आणि त्याचा खर्च फोनच्या किमतीला लवकर गाठतो.

ओळ ७ : “…घेणाऱ्याने सद्भावनेने व्यवहार केला असेल आणि विकणाऱ्याला अधिकार नाही याची कराराच्या वेळी त्याला जाणीव नसेल तर.”

सद्भावनेचे माप दोन कायद्यांत दोन प्रकारचे आहे, आणि फोन घेणाऱ्यावर दोन्ही लागू पडतात. सामान्य परिभाषा कायदा, १८९७ प्रमाणे प्रामाणिकपणे केलेली गोष्ट निष्काळजीपणे केली असली तरी ती सद्भावनेची. भारतीय न्याय संहितेत मात्र योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची मानली जात नाही. पैशाच्या दाव्यात चालून जाणारा भोळेपणा पोलीस चौकीत तसाच चालेल असे नाही. बिल नाही, बॉक्स नाही, किंमत निम्म्याहून कमी आणि “आज संध्याकाळपर्यंतच सांगा” अशी घाई. ही चिन्हे एकत्र दिसूनही कोणी फोन घेतला, तर तसे मानायला कारण नव्हते हे सिद्ध करणे त्याला जड जाते.

जाणिवेच्या अटीचा परिणाम त्याहून खोल आहे. विकणाऱ्याने खरेपणाने सांगितले, “अजून चार हप्ते आहेत, मी भरीन,” तर त्या क्षणापासून घेणाऱ्याला दुसऱ्याच्या हक्काची जाणीव झाली. अजाण गिऱ्हाइकाला मिळणारे संरक्षण तिथेच संपले. म्हणून हे वाक्य कानावर पडताच दिलासा मानू नये. सौदा तिथेच थांबवून ओळ ३ मधला क्रम धरावा.

ओळ ८ : कलम ३०(२) — “माल खरेदी केलेल्या किंवा खरेदीचा करार केलेल्या व्यक्तीने विक्रेत्याच्या संमतीने ताबा मिळवला असेल, आणि ती तो सद्भावनेने घेणाऱ्याला देईल, तर मूळ विक्रेत्याचा हक्क जणू नव्हताच असे मानले जाईल.”

ही ओळ घेणाऱ्याची आशा आहे आणि तिच्या मर्यादा दोन जुन्या इंग्रजी खटल्यांनी आखल्या. ली विरुद्ध बटलर, १८९३ : फर्निचर हप्त्यांवर घेतलेले, हप्ते भरणे बंधनकारक. न्यायालय म्हणाले, हा खरेदीचाच करार, म्हणून तिसऱ्याला चांगला हक्क मिळाला. हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज, १८९५ : पियानो भाड्याने, केव्हाही परत करण्याची मुभा. न्यायालय म्हणाले, हा माणूस खरेदीला बांधलेला नाही, त्याला फक्त पर्याय आहे. पियानो गहाण घेणाऱ्या सावकाराला तो परत द्यावा लागला.

दोन्हीकडे महिन्याचा हप्ता, दोन्हीकडे घरातली वस्तू. एका कलमाच्या फरकाने एक तिसरा माणूस वाचला आणि दुसरा बुडाला. त्यानंतर वित्तव्यवसायाने आपले करार हेल्बीच्या साच्यात घडवले. फोन घेणाऱ्याला विकणाऱ्याचा मूळ करार दिसतही नाही, मग तो ली आहे की हेल्बी हे त्याने कसे ओळखावे? म्हणूनच करार दाखवायला नकार देणाऱ्याकडून फोन न घेणे हा अतिरेक नव्हे. या कायद्यात शहाण्या माणसाला दुसरा मार्गच नाही.

ओळ ९ : कलम १४(क) — “विकणाऱ्याला माल विकण्याचा हक्क आहे, ही विक्रीच्या करारात गर्भित अट आहे.”

इथून कायदा घेणाऱ्याच्या बाजूला वळतो. विकणाऱ्याने काही लिहून दिले नसले, तरी विकण्याचा हक्क असल्याचे वचन त्याने दिलेच, असे कायदा धरून चालतो. कलम १६ मधला ‘गिऱ्हाइकाने स्वतः पारखून घ्यावे’ हा नियम गुणवत्तेविषयी आहे. मालकीच्या दोषाला तो झाकत नाही.

रोलंड विरुद्ध डिवॉल, १९२३ या खटल्यात गिऱ्हाइकाने गाडी काही महिने वापरली आणि मग ती चोरीची निघून पोलिसांनी नेली. न्यायालयाने त्याला पूर्ण किंमत परत देवविली. वापराबद्दल वजावट केली नाही, कारण त्याने मोजलेले पैसे मालकीसाठी होते आणि ती त्याला एक क्षणही मिळाली नाही. हप्त्याच्या फोनात विकणारा मालक नसल्याचे ठरले, तर हेच तत्त्व मागता येते.

पण हे तत्त्व वापरायला विकणारा सापडावा लागतो. म्हणून साध्या कागदावर का होईना, विकणाऱ्याचे नाव, त्याने दाखवलेल्या ओळखपत्राचा तपशील, आयएमईआय, किंमत, तारीख आणि “या फोनवर कोणाचेही कर्ज किंवा बोजा नाही” एवढे एक वाक्य सहीनिशी घ्यावे. पैसे यूपीआयने द्यावेत म्हणजे व्यवहाराची खूण राहते. हा कागद फोन वाचवत नाही. तो घेणाऱ्याचा दावा जिवंत ठेवतो.

ओळ १० : कलम १४(ख) आणि (ग) — “घेणाऱ्याला मालाचा निर्वेध उपभोग मिळेल आणि त्याला न सांगितलेल्या बोज्यापासून माल मुक्त असेल, अशी गर्भित हमी आहे.”

फोन नजरगहाण असल्याचे लपवले, तर (ग) मोडते. फोन मध्येच कोणी बंद केला, तर (ख) मोडते. हमी मोडली की नुकसानभरपाई मिळते, सौदा रद्द करण्याचा हक्क मात्र आपोआप मिळत नाही. ‘अट’ आणि ‘हमी’ यांत कायदा हा भेद करतो.

निर्वेध उपभोग ही १९३० ची कल्पना आजच्या लॉकला कशी लागू होते? इंग्लंडच्या अपील न्यायालयाने रुबिकॉन कॉम्प्युटर सिस्टिम्सच्या २००० च्या निवाड्यात उत्तर दिले. विक्रेत्याने ग्राहकाला दिलेल्या संगणक व्यवस्थेत वेळेचे कुलूप घालून ती बंद पाडली होती, आणि न्यायालयाने तो निर्वेध उपभोगाच्या हमीचा भंग ठरवला. तिथे कुलूप विकणाऱ्यानेच घातले होते. आपल्या फोनात ते तिसरा, म्हणजे वित्तकंपनी घालते. तरी घेणाऱ्याच्या उपभोगात येणारा अडथळा त्याच जातीचा आहे.

हे कुलूप कसे चालते ते समजून घेतले पाहिजे, कारण नेहमीची तपासणी त्याला चुकते. हप्त्यावरच्या अनेक अँड्रॉइड फोनांत कंपनीचे नियंत्रण फोनच्या व्यवस्थापक पातळीवर बसवलेले असते. सॅमसंगची नॉक्स गार्ड ही याच कामाची सेवा आहे. फोनची नोंद दूरच्या सर्व्हरवर असते, म्हणून फोन रिसेट केला तरी इंटरनेटशी जोडताच पकड परत येते. हप्ते वेळेवर जात आहेत तोवर काहीच जाणवत नाही. विकणाऱ्याने पैसे घेऊन पुढच्या महिन्याचा हप्ता थांबवला की दुसऱ्याच्या हातातला फोन बंद पडतो. म्हणजे आज नीट चालणारा फोन उद्याविषयी काहीच सिद्ध करत नाही. पैसे देण्याआधी फोन आपल्यासमोर रिसेट करून, वाय-फायला जोडून, सुरुवातीची मांडणी शेवटपर्यंत पुरी करावी. सेटिंगमध्ये डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत वित्तकंपनीचे ॲप किंवा ‘हा फोन संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे’ असा मजकूर दिसला, तर थांबावे. आयफोनात आधीच्या मालकाचे खाते निघाल्याचे पाहावे. २०१३ पासूनचे ॲक्टिव्हेशन लॉक त्या खात्याशिवाय उघडत नाही.

कर्जवसुलीसाठी फोन दूरवरून बंद करणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेसमोर विचाराधीन होता. ग्राहकाचा हक्क आणि कर्ज देणाऱ्याची गरज या दोन्ही बाजू त्या चर्चेत आल्या. पण जुना फोन घेतलेल्या बाईची तिसरी बाजू आहे, आणि ती मांडायला तिथे कोणी नसते. कर्ज तिने घेतलेले नाही, संमतीपत्रावर तिची सही नाही आणि बंद पडतो तो तिचा फोन. त्यात तिचे बँकेचे व्यवहार, मुलांच्या शाळेचे गट आणि कामाचे पत्ते असतात.

उपसंहार

दहा ओळी एकत्र वाचल्या की कायद्याची रचना स्पष्ट दिसते. विकणाऱ्याविरुद्ध तो घेणाऱ्याला भक्कम हक्क देतो, पण तो हक्क न्यायालयात आणि महिन्यांनी वापरता येतो. कुलूप एका क्षणात पडते आणि कोणाला विचारत नाही. या अंतरात सापडलेल्या माणसाला कलम १४ वाचून दाखवणे पुरेसे नाही.

जमीन घेताना सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा वाचता येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ मुळे गाडीच्या नोंदणीवर वित्तकंपनीची नोंद होते आणि कर्ज फिटल्यावर ती काढली जाते. फोनच्या बोज्याची अशी कोणतीच सार्वजनिक नोंद नाही. वास्तविक तिचा पाया तयार आहे : प्रत्येक फोनला क्रमांक आहे, तो तपासण्याची सरकारी व्यवस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मधल्या नियमदुरुस्तीने जुन्या फोनांच्या व्यापाऱ्यांवर काळ्या यादीतील व छेडछाड झालेले आयएमईआय तपासण्याचे बंधनही घातले आहे. त्याच उत्तरात ‘या फोनवर कर्ज चालू आहे’ एवढा एक शेरा आला पाहिजे. कर्जदाराचे नाव नको, रक्कम नको, फक्त शेरा. ज्या वित्तकंपनीने शेरा नोंदवला नाही, तिला तो फोन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात बंद करण्याचा अधिकार नसावा. मूरगेटमध्ये जे कर्तव्य कायद्याने घातले नव्हते, ते आपण घालू शकतो.

तोवर जुना फोन घेणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात : ताब्यासाठी फोन, मालकीसाठी बिल आणि सहीचा कागद, सुटकेसाठी कर्जफेडीचा दाखला. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर किंमत कितीही कमी असो, तो सौदा महागच आहे. आणि ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी, पहिला फोन घ्यायला निघालेल्या आपल्या ओळखीच्या मुलामुलींबरोबर दुकानापर्यंत जरूर जावे.